विषय: गॅस्केट

आधीच्यात सगळं तारखेनं यायचं.
वर ताजं, खाली शिळं,
बाजारातल्या फळीवर मासे ओतावेत तसं.
विजेचं बिल, बंदराचा कर,
दालकावेच्या कोळ्याची पिस्टनवरून घासाघीस,
आणि मध्येच कुठेतरी बेलार्मिनो,
माझा भाऊ,
नुसती शेपटी दिसणारा.

कास्त्रोच्या धक्क्यावर इंजिनाचे सुटे भाग विकते मी,
एकतीस वर्षं.
कोणता बोल्ट कोणत्या डब्यात ते डोळे मिटून सांगेन.
पण कुणाला काय लिहिलं, त्यानं काय म्हटलं,
त्यावर मी काय म्हणाले,
याला डबे नव्हते.

येर्को म्हणाला, मावशी,
बोलणं बोलण्याला बांधून देणारं काहीतरी घे.

पहिलं उतरवलं, ते दर चौथ्या दिवशी पैसे मागे.
दुसऱ्यानं नुसता विषय पाहून गाठी मारल्या:
'नमस्कार' नावाची सगळी पत्रं एका दावणीला.
बँकेचा माणूस, दातांचा डॉक्टर,
आणि ओलेगारियो,
ज्याला मी ऐन तिशीत नाही म्हटलं होतं.
बँक म्हणते, आपले हप्ते थकले आहेत.
खाली लगेच ओलेगारियो: मी अजून वाट पाहतोय.
(तेलाच्या फिल्टरची.)
बादरायण संबंध म्हणतात तो हाच.
हसता हसता किटलीला धक्का लागला,
चूल चरचरली.

तिसरं गुमान होतं.
कोणतं उत्तर कोणत्या पत्राच्या पोटचं
ते हुंगत बसलं रात्रभर, जुन्या पंख्याची घरघर करत.
सकाळी पाहते तर सगळ्यात वर
गॅस्केट (२१२).

बेलार्मिनो नवं पत्र कधी सुरूच करत नाही.
कधीकाळी मी विचारलं होतं,
पंपाचं गॅस्केट पुंता आरेनासला मिळेल का.
तेव्हापासून त्याच पत्राला उत्तर देतो तो,
एकच पेला पुन्हा पुन्हा भरावा तसा.
गॅस्केट: मिळालं. बसवाल्याकडे दिलंय.
गॅस्केट: वाऱ्यानं शाळेचं छप्पर नेलं, पोरं खूश.
गॅस्केट: मुलगी झाली. डोळे आईचे, राग तुझा.
गॅस्केट: आई जेवते का?
गॅस्केट: विमान सुटलं नाही. माझ्या वाटची माती तूच टाक.

हिवाळ्यात त्याचं घड्याळ माझ्यापुढे तासभर.
जुन्यात त्या घोळात
त्याच्या प्रश्नाच्या आधी माझं उत्तर दिसायचं,
जणू मला ऐकायचंच नव्हतं.
आता ओळीनं लागले होते,
तो बोलला, मग मी बोलले, मग तो.

गावभर सांगत फिरते मी, भाऊ लिहीत नाही.
येर्कोलाही परवाच सांगितलं, चुलीत लाकूड सारताना:
आईची होडी विकली ना मी, त्याला न विचारता,
तेव्हापासून मामाचं तोंड शिवलेलं.

तळाशी गेले.
शेवटचं पत्र त्याचं.
आठ महिने झालेले.
अक्षरं ठळक नव्हती, म्हणजे उघडलेलं,
म्हणजे माझ्याच डोळ्यांखालून गेलेलं,
एका बिलाच्या आणि एका पिस्टनच्या मधून.
एवढंच होतं:
ते मागचं नीट बसलं का गं?

होडीबद्दल अक्षर नाही.

येर्को मागून विचारतो, जमतंय का? ठेवायचं का हेच?
ठेव, म्हटलं.
दारात गिऱ्हाईक उभं, बूट ओले,
हातात तुटलेला पट्टा.
त्याला म्हटलं, थांब जरा,
आणि दोन बोटांनी टाइप केलं:
बसलं.

मग पाठवायच्या आधी
अजून एक ओळ:
पण थोडं गळतं.